रंगवलेली मुंबई म्हणजे रंगीत मुंबई नव्हे

जुन्या मुंबईच्या गोद्या, गिरण्या आणि कापूसबाजार यांची कृष्णधवल छायाचित्रे संगणकाकडून रंगवून घ्यायची आणि ‘दुर्मीळ रंगीत छायाचित्र’ या मथळ्याखाली पसरवायची, हा उद्योग अलीकडे भलताच फोफावला आहे. निळे आकाश, तांबड्या पगड्या, पांढऱ्याशुभ्र गाठी. यातला एकही रंग पुरावा नव्हे.

गाठींचेच पाहावे. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंज्याचा कापूस आधी बैलगाडीने, पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद लोहमार्गाने मुख्य रेल्वेपर्यंत आणि तिथून मुंबई बंदरात जाई. कापूस पांढरा असतो, हे खरेच. पण दाबलेली गाठ तरटात शिवलेली असे. तिचा रंग तागाचा, मळकट तपकिरी. विदर्भातल्या कोणत्याही प्रेसिंगच्या आवारात उभ्या राहिलेल्या माणसाने ही चूक केली नसती.

त्याहून गंभीर बाब अशी की, मुळातला करडा रंगही सरळ वाचता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ओल्या कलोडियनच्या काचा मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. निळे आकाश कोरे पांढरे उमटे. तांबडे आणि पिवळे काळपट होई. निळा पोशाख आणि पिवळी पगडी घातलेला मुंबईचा पोलीस शिपाई अशा काचेसमोर उभा राहिला, तर पोशाख डोळ्यांना दिसतो त्याहून फिकट आणि पगडी गडद उमटणार. आजच्या छायाचित्रांवर शिकवलेली आज्ञावली तो करडेपणा आजच्या नियमाने वाचते आणि बेधडक रंग भरते.

‘हाताने रंगवलेली पोस्टकार्डे तेव्हाही होतीच की,’ असा एक बचाव ऐकू येतो. होती. त्यांतली कित्येक जर्मनीत छापली जात, मुंबईपासून हजारो मैल दूर. थापेला परंपरा आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

खरी रंगीत छायाचित्रे नसतीच, तर गोष्ट वेगळी होती. फ्रान्समधील धनाढ्य आल्बेर कान यांनी जगाचा रंगीत संग्रह उभारण्यासाठी पाठवलेले स्तेफान पासे 1913 च्या डिसेंबरात मुंबईत होते. त्यांच्याजवळच्या ऑटोक्रोम काचा ल्युमिएर बंधूंनी 1907 मध्ये बाजारात आणलेल्या. नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगात बुडवलेले बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण काचेवर पसरलेले असत. त्यांतून गाळून आलेला प्रकाश चित्र घडवी. ते रंगही बिनचूक नव्हेत. पण तो प्रकाश त्या दिवशी मुंबईच्या भिंतींवरून आणि माणसांच्या वस्त्रांवरून आलेला आहे. पॅरिसलगतच्या आल्बेर कान संग्रहालयाचा हा ठेवा महाजालावर पाहता येतो. तिकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

अर्थात ऑटोक्रोमला भर उन्हातही सेकंदभर वा अधिक वेळ लागे. पासे आले तेव्हा अलेक्झांड्रा गोदीचे काम संपत आले होते. 1914 च्या मार्चमध्ये ती खुली झाली. तिथे पाठीवर ओझे घेऊन चालणारा हमाल त्या काचेवर धुरासारखा पुसट उमटला असता. स्थिर उभी राहणारी मुंबई रंगात सापडते, राबणारी मुंबई करड्यात. संगणक हा भेद पुसून टाकतो आणि वाचकाला तो पुसला गेल्याचे कळतही नाही.

‘रंगांमुळे तरुणांना इतिहास जवळचा वाटतो’ म्हणतात. वाटू द्यावा. मात्र मूळ छायाचित्र शेजारी ठेवावे, रंग कोणी आणि कधी भरले ते चित्रावरच लिहावे, आणि ‘दुर्मीळ’ हा शब्द पासे यांच्या काचांसाठी राखून ठेवावा.