रंगीत ठिपका आणि आपली प्रमाणबुद्धी

मेंदूच्या करड्या प्रतिमेवर लाल-पिवळा ठिपका, आणि खाली 'औषध घेतलेल्या गटात लक्षणीय वाढ' हे शब्द. असे चित्र परिषदेत पडद्यावर आले की सभागृह भारावून जाते. काही वर्षांपूर्वी आम्हीही भारावलो होतो, कारण ते चित्र आमच्याच अभ्यासातले होते.

एका संस्थेतील लहानशा अभ्यासात मेध्य कल्प घेतलेला व न घेतलेला, अशा दोन गटांच्या एमआरआय प्रतिमांची तुलना ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या 'एफएसएल' या संगणकप्रणालीने केली होती. ठिपका उमटला आणि आम्हांस आनंद झाला. लेख पाठविण्यापूर्वी सहज यादी पडताळली असता दोष आढळला. प्रणालीने प्रतिमा नावांच्या वर्णक्रमाने जोडल्या होत्या. त्या क्रमात '१०' हा '२'च्या आधी येतो. आमचा गटांचा तक्ता मात्र संख्याक्रमाने होता. त्यामुळे औषध न घेतलेले कित्येक जण औषधाच्या गटात मोजले गेले. क्रम सुधारताच ठिपका नाहीसा झाला. प्रणालीने चुकीची सूचना दिली नव्हती; तिच्या लेखी सर्व सुरळीत होते.

'हे तंत्रज्ञाचे काम, वैद्याचे नव्हे' असे काही बंधू म्हणतील. परंतु शंखपुष्पी म्हणून निरनिराळ्या वनस्पती बाजारात येतात, हे जाणणारा औषधनिर्माता पोत्यावरच्या चिठ्ठीवर विसंबतो काय? प्रतिमेचे नाव ही अशीच चिठ्ठी होय.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. दोन मिलिमीटर बाजूचे घन कल्पिल्यास मेंदूचे दोन लाखांहून अधिक भाग होतात. प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा पाच टक्के चूक मान्य करून घेतली, तर काहीही फरक नसताना दहा हजारांहून अधिक ठिकाणी 'फरक' दिसेल. २००९ साली अमेरिकेत क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी मृत साल्मन माशास यंत्रात ठेवून माणसांची चित्रे 'दाखविली'. बहुतुलनेची दुरुस्ती न करता पाहिले तेव्हा मृत मेंदूतही क्रिया दिसली. दुरुस्ती करताच ती मावळली. २०१६ मध्ये एक्लुंड, निकोल्स व नुटसन यांनी ४९९ निरोगी व्यक्तींच्या माहितीतून यदृच्छया गट पाडले. प्रचलित प्रणालींतील ठिपक्यांच्या विस्तारावर आधारलेल्या काही रीतींत खोटे निष्कर्ष पाच टक्क्यांऐवजी सत्तर टक्क्यांपर्यंत गेले. गटांची नावे वारंवार अदलाबदल करून पडताळण्याची रीत बव्हंशी विश्वसनीय ठरली.

चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. आमच्या मते घोटाळा येथेच होतो. ठिपका डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्यास प्रत्यक्ष समजतो. वस्तुतः ते अनुमान आहे. गणिताच्या अनेक पायऱ्यांवर उभे असलेले. हेतू दुष्ट असेल तर अनुमानही दुष्टच.

म्हणून असे चित्र पुढे आल्यास वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. प्रतिमांचा क्रम व तक्त्याचा क्रम कोणी ताडून पाहिला? बहुतुलनेची दुरुस्ती कोणत्या रीतीने केली? वय व लिंग यांतील भेद हिशेबात घेतले काय? सर्व प्रतिमा प्रणालीच्या एकाच आवृत्तीवर व एकाच प्रकारच्या संगणकावर तपासल्या काय? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'फ्रीसर्फर' या प्रणालीची आवृत्ती वा संगणक बदलताच मेंदूच्या भागांची मापे बदललेली आढळली होती.

उत्तरे मिळेपर्यंत ते चित्र माहितीपत्रकावर छापू नये. आमचा तो लेख आम्ही पाठविला नाही. त्या कल्पावरील आमची श्रद्धा उणावली नाही. परंतु ती श्रद्धा उसन्या रंगांनी सजविण्याचा अधिकार आम्हांस नाही, एवढे मात्र उमगले.