कृतज्ञता म्हणजे मौन नव्हे : बफेलोच्या १७ वर्षांची गोष्ट

१/ ज्याने काही दिले त्याला प्रश्न विचारू नयेत, विचारणारा तो कृतघ्न. हा उपदेश आपण सर्वांनी ऐकला आहे. क्रीडाप्रेमींना तर तो उठताबसता ऐकवला जातो. माझ्या मते हा उपदेश मुळातच खोटा आहे. त्याचा दाखला अमेरिकेतील बफेलो शहराच्या इतिहासात सापडतो. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/ येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल आणि संघ म्हणजे बफेलो बिल्स. ८ जानेवारी २००० रोजी टेनेसी टायटन्सविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात शेवटची १६ सेकंदे उरली असताना बिल्स १६-१५ असे पुढे होते. टायटन्सनी किकऑफचा चेंडू मैदानात आडवा फेकला, तो केविन डायसनच्या हाती आला आणि तो ७५ यार्ड धावत सुटला. २२-१६. त्यानंतर सलग १७ हंगाम बिल्सना प्लेऑफचे दर्शन घडले नाही.

३/ ३१ डिसेंबर २०१७. बिल्सनी मायामीला हरवले. पण भवितव्य दुसऱ्याच सामन्यावर अवलंबून होते. तेथे सिनसिनाटीच्या अँडी डाल्टनने अखेरच्या मिनिटात ४९ यार्डांचा टचडाउन पास देऊन बाल्टिमोरला हरवले आणि बिल्सचा दुष्काळ संपला.

४/ बफेलोकरांनी काय केले? गोठवणाऱ्या थंडीत मध्यरात्रीनंतर विमानतळावर जाऊन संघाचे स्वागत केले. आणि डाल्टनच्या, आजारी व विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणग्या पाठवल्या. कित्येकांनी नेमके १७ डॉलर दिले: दुष्काळाच्या प्रत्येक वर्षाचा एक. रक्कम लाखो डॉलरांत गेली. या लोकांना कृतघ्न म्हणण्याचे धाडस कोण करील?

५/ आता त्याच हंगामाचे दुसरे पान. नोव्हेंबरात संघ ५ विजय, ४ पराभव अशा स्थितीत, प्लेऑफच्या शर्यतीत असताना प्रशिक्षक शॉन मॅकडरमॉट यांनी क्वार्टरबॅक टायरॉड टेलरला बसवून नवख्या नेथन पीटरमनला उतरवले. पीटरमनने पहिल्या अर्ध्यातच ५ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले. बिल्स ५४-२४ असे हरले. टेलरला परत आणावे लागले.

६/ म्हणजे ७ जानेवारी २०१८ च्या जॅक्सनविलविरुद्धच्या प्लेऑफपूर्वी चाहत्यासमोर एकच माणूस दोन रूपांत उभा होता. दुष्काळ संपवणारे मॅकडरमॉट आणि हाती आलेला हंगाम जवळजवळ उधळणारेही मॅकडरमॉटच. पहिल्यासाठी आभार मानले म्हणून दुसऱ्याचा जाब का सोडायचा? आभार आणि जाब ही एकाच वहीतील जमा व खर्चाची पाने आहेत. एक पान फाडून उरलेल्याला हिशेब म्हणत नाहीत.

७/ यावर एक आक्षेप येतो: संघ शहरात राहिला हेच उपकार नव्हेत काय? जुने मालक राल्फ विल्सन २०१४ मध्ये वारले, तेव्हा संघ अन्यत्र जाईल ही भीती खरी होती. पेगुला दांपत्याने तो विकत घेऊन येथेच ठेवला. त्याचे श्रेय त्यांना द्यावेच. परंतु संघ ज्या मैदानावर खेळत होता, ते ईरी काउंटीच्या, म्हणजे जनतेच्या मालकीचे होते. तिकीट आणि कर दोन्ही भरणारा माणूस याचक नसतो.

८/ उलट बाजूचा हट्टही तितकाच पोकळ आहे: हरलेल्याचे कौतुक म्हणजे दुबळेपणा! २७ जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि बिल्स २०-१९ असे हरले. दुसऱ्या दिवशी बफेलोच्या नायगारा चौकात हजारोंचा जमाव जमला आणि त्याने नॉरवुडच्याच नावाचा पुकारा केला. शिव्या देण्यासाठी नव्हे, त्याला जवळ घेण्यासाठी. चूक विसरून नव्हे. ती किक बफेलो आजही विसरलेले नाही.

९/ जॅक्सनविलचा निकाल? १०-३, पराभव. संपूर्ण सामन्यात बिल्सना अवघे ३ गुण. आक्रमणाविषयीची कुरकुर निराधार नव्हती. मार्चमध्ये संघानेच टेलरला क्लीव्हलंडकडे धाडले. पण त्यामुळे विमानतळावरची ती रात्र खोटी ठरली नाही.

१०/ इतिहासाच्या वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. केवळ स्वागत नोंदवणारा बखर लिहितो, केवळ धिक्कार नोंदवणारा आरोपपत्र. इतिहास दोन्ही नोंदवतो. कृतज्ञतेच्या नावाखाली तुम्हाला कोणी गप्प बसवू पाहील, तेव्हा त्याला १७ डॉलर पाठवणारे बफेलोकर दाखवा: आभार त्यांनी रोख चुकते केले, प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र विकला नाही.