कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर बदलण्याआधी



उसाचा गळीत हंगाम तोंडावर आला की शिरूर-दौंडच्या पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची डागडुजी सुरू होते. पूर्वी टायरमध्ये हवा भरायची म्हणजे पंक्चरवाल्याचे दुकान गाठावे लागे. दौंडकडच्यांनी चौफुला नाहीतर पाटस, शिरूरकडच्यांनी शिक्रापूर नाहीतर रांजणगाव. आता बऱ्याच वस्त्यांवर गोठ्याशेजारच्या शेडमध्ये घरचाच लहान कॉम्प्रेसर दिसतो. टायर, एअर फिल्टर, रंगकाम, सगळे घरच्या घरी होते. सोय चांगली आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त या यंत्रावर एक मुठीएवढा भाग असतो, तो बिघडला तरी यंत्र चालूच राहते, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. तो भाग म्हणजे रेग्युलेटर.

भगिनींना हे काम चटकन कळेल. स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरवर जो रेग्युलेटर बसवता, तो सिलिंडरमधला जोराचा दाब शेगडीला सोसेल इतका कमी करतो. कॉम्प्रेसरचा रेग्युलेटरही तेच करतो. टाकीत साधारण ११० ते १२० पौंड हवा असते. (आपण ज्याला पौंड म्हणतो तो दर चौरस इंचावरचा दाब.) ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला शेतात काम करताना १२ ते १५ पौंड पुरतात. कागदी एअर फिल्टर साफ करायचा तर ३० पौंडांच्या आत, आणि तोही आतून बाहेर फुंकायचा. रेग्युलेटरच्या आत एक रबरी पडदा, एक स्प्रिंग आणि एक बारीक व्हॉल्व्ह असतो. वरची चावी आवळली की स्प्रिंग दाबली जाते, व्हॉल्व्ह उघडतो आणि पुढे जास्त दाबाची हवा जाते. पुढचा दाब ठरल्याइतका झाला की पडदा वर उचलला जातो आणि व्हॉल्व्ह मिटतो.

हा व्हॉल्व्ह नीट मिटला नाही तर काय होते पाहा. गेजवर ३० पौंड लावून तुम्ही चहाला जाता. तेवढ्या वेळात काटा हळूहळू चढत टाकीइतका होतो. परत येऊन फिल्टरवर नळी धरली की कागद फाटतो. बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. फिल्टर पुन्हा बसतो, आणि हंगामभर रस्त्याची धूळ इंजिनात जाऊन लायनर-पिस्टन खाते. पुढे इंजिन उघडावे लागले की लोक डिझेलला दोष देतात.

बिघाड ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. दाब ठरवून नळी बंद ठेवा. काटा आपोआप चढू लागला तर आतला व्हॉल्व्ह झिजला आहे किंवा त्यात कचरा अडकला आहे. चावीखालच्या बारीक भोकातून सतत फुसफुस येत असेल तर पडदा फाटला. चावी कितीही फिरवली तरी दाब हलत नसेल तर स्प्रिंग गेली. चावी सैल करूनही काटा खाली येत नसेल तर आधी नळीतून थोडी हवा सोडून बघावी, कारण काही रेग्युलेटर पुढची हवा आपण होऊन सोडत नाहीत. खोट गेजचीही असू शकते. टाकी रिकामी असताना काटा शून्यावर येत नसेल तर रेग्युलेटरच्या आधी गेज बदला. मोटर थांबते त्या क्षणी प्रेशर स्विचजवळ फस्स असा आवाज होतो, तो मात्र रोग नव्हे. ती तशीच रचना आहे.

रेग्युलेटर खराब का होतो? बहुतेक वेळा पाण्याने. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साठते. पावसाळ्यात भीमा-घोडच्या काठावर हे पाणी फार येते. त्याने टाकी आतून गंजते आणि गंजाचे कण हवेबरोबर जाऊन व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात. टाकीखालचा कॉक रोज काम संपल्यावर उघडला तर नवा रेग्युलेटर बरीच वर्षे टिकेल. न उघडला तर त्याचीही तीच गत.

आता बदलण्याविषयी. घरगुती लहान रेग्युलेटर उघडून दुरुस्त करत बसू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नवा आणावा. जुना काढून दुकानात बरोबर न्यावा, म्हणजे आट्यांचे माप चुकत नाही. आपल्याकडे बहुधा पाव इंची आटे असतात, पण सारखे दिसणारे दोन प्रकारचे आटे बाजारात मिळतात. दोन फेऱ्यांत अडकले तर जोर लावू नका, तो माल वेगळा आहे. नव्यावर जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो, तो टाकीच्या दाबापेक्षा वरचा हवा. आणि घरातला जुना गॅसचा रेग्युलेटर इथे बसवण्याचा उपद्व्याप कोणी करू नये. तो पुढे जेमतेम अर्धा पौंड दाब देण्यासाठी बनवलेला असतो.

पाना हातात घेण्याआधी वीज तोडायची. नुसते बटण बंद करून भागत नाही, पिनच काढून ठेवायची. आपल्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. प्रेशर स्विच चालू राहिला तर लाइट आल्याबरोबर मोटर आपण होऊन सुरू होते, आणि त्या वेळी तुमचा हात पट्ट्याजवळ असतो. मग टाकीची हवा खालच्या कॉकने पूर्ण सोडायची. टाकीचे गेज शून्य दाखवू लागले तरी कॉक उघडाच ठेवायचा. पाच पौंड उरले असतील, त्याने काय होते, असे म्हणणारे भेटतात. आट्यांतून सुटलेला पितळी तुकडा डोळ्यात जायला तेवढे पुरतात.

दोन पाने घ्या. एकाने टाकीकडचा निप्पल धरा, दुसऱ्याने रेग्युलेटर सोडवा. एकाच पान्याने जोर लावला तर बारीक पाइप पिळला जातो. आट्यांवरची जुनी टेप पूर्ण खरवडून काढा, तिचा तुकडा आत पडला तर नव्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसेल. नवी टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने तीन वेढे गुंडाळा आणि टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा. रेग्युलेटरच्या अंगावर बाण कोरलेला असतो, तो हवा जाण्याची दिशा दाखवतो. उलटा बसवला तर तो नीट काम करत नाही, आणि दुकानदाराने फसवले म्हणून आपण भांडायला जातो.

बसवून झाल्यावर चावी पूर्ण सैल करा, कॉक लावा, मग वीज द्या. टाकी भरली की प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर हवा पुन्हा सोडूनच जोड आवळायचा, भरल्या टाकीवर नाही. मग चावी हळूहळू आवळून २० पौंडांवर आणा आणि दहा मिनिटे थांबा. काटा जागचा हलला नाही तर काम फत्ते.

आता ज्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. रेग्युलेटर म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हे. रेग्युलेटर पुढच्या नळीचे रक्षण करतो, टाकीचे नाही. टाकीचे रक्षण प्रेशर स्विच करतो, आणि तो अडकला तर सेफ्टी व्हॉल्व्ह. दौंड तालुक्यात भीमेकाठच्या एका वस्तीवर सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी चक्क बोल्ट आवळलेला मी पाहिला. विचारले तर घरधनी म्हणाले, “साहेब, तो सारखा हवा सोडायचा, भरलेली हवा वाया जायची.” व्हॉल्व्ह ओरडत होता, कारण प्रेशर स्विच वेळेवर मोटर तोडत नव्हता. ओरडणाऱ्याचेच तोंड बंद केले. त्याच टाकीला टेकून नातवंडे खेळत होती. बारा इंच व्यासाच्या टाकीच्या एका झाकणावर १२० पौंडांचा दाब म्हणजे सुमारे सहा टनांचा रेटा. टायरच्या दोन-तीन बैलगाड्या उसाने भराव्यात तेवढा. स्विच अडकला असता तर तो कुठवर गेला असता, याचा हिशेब करावा.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत आपली मुले कामाला जातात. तिथे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३१ व्या कलमाने दाबाच्या यंत्राला मर्यादा ओलांडू न देण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. तुमच्या शेडमध्ये तपासायला कोणी साहेब येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा सेफ्टी व्हॉल्व्हची कडी थोडी ओढून पाहा, चेहरा बाजूला ठेवून. हवा सुटली आणि कडी सोडताच थांबली तर तो जिवंत आहे. नाहीतर त्याच मापाचा, त्याच दाबाचा नवा आणा.

मुलांना हेही बजावून ठेवा की हवेची नळी माणसाच्या अंगावर धरायची नाही, कपड्यांवरची धूळ उडवायलासुद्धा नाही. गंमत म्हणून नळी अंगाला लावल्याने पोटात हवा जाऊन माणसे दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

रेग्युलेटर बदलताना टाकी रिकामी असतेच, तेव्हा खाली वाकून तिच्या तळाकडेही बघून घ्या. रंगाला फोड आले असतील, गंजाचा ओलसर डाग दिसत असेल किंवा सुईएवढे भोक पडून हवा येत असेल तर वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नका. एका भोकापाशी पत्रा गंजून कागदासारखा झालेला असतो, आणि ठिगळाच्या कडेला तो आणखी अशक्त होतो. ती टाकी भंगारात घालावी. मोटर आणि पंप चांगले असतील तर ते नव्या टाकीवर बसवता येतात.