आकडा एक, श्वास वेगवेगळे

खाडीवरून वारा येतो, म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीला हवेची फारशी चिंता नाही, हा समज अर्धाच खरा आहे. दिवसा समुद्राकडून येणारा वारा धूर आणि धूळ पांगवतो. हिवाळ्यात मात्र रात्री वारा पडतो, जमीन थंड होते आणि तिच्यालगतच्या गार हवेवर उबदार हवेचे झाकण बसते. ऊन तापेपर्यंत ते उठत नाही. नेमक्या याच कोंडलेल्या वेळी सफाई कामगार रस्ते झाडतात, रिक्षाचालक स्टेशनबाहेर रांग लावतात आणि नाका कामगार कामाची वाट पाहत रस्त्याकडेला उभे असतात.

हवेचा निर्देशांक सर्वांसाठी एकच असला, तरी शरीरात जाणारी मात्रा एक नसते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा घेतो. सिमेंटच्या गोण्या वाहणारा बिगारी त्याच्या कित्येक पट घेतो, तीही बरीचशी तोंडाने. नाकाची गाळणी तिथे चुकते. पीएम २.५ हे सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि हृदयविकार, पक्षाघाताचा धोका वाढवतात. बाहेरच्या हवेचे प्रदूषण कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच जाहीर केले. या कणांची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. संघटनेची २०२१ ची शिफारस ५ ची आहे.

डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये स्फोट झाले, तेव्हा सारे राज्य हादरले. रोजच्या श्वासातून होणारी हानी आवाज करत नाही, म्हणून तिची दखल घेतली जात नाही. बिगाऱ्याचा खोकला विडीच्या नावावर खपून जातो.

उष्णतेच्या लाटेत भर दुपारची कामे टाळण्याचा सल्ला दिला जातो. तसाच निर्देशांक २०० च्या वर गेला की झाडलोट आणि खोदकाम ऊन वर येईपर्यंत पुढे ढकलावे. झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे. तोंडाला बांधलेल्या रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत; नीट बसणारे एन-९५ मास्क पालिका आणि ठेकेदारांनी पुरवावेत. वर्षातून एकदा फुप्फुसांची क्षमता तपासावी. आणि उशिरा सुरू झालेल्या कामाची मजुरी कापू नये. ती कापली, तर कामगार पहाटेच्या धुरातच कामावर येईल.