चेहरा, पुरावा आणि संशय

रक्तदाब, गुडघे, मधुमेह आणि निद्रानाश यांच्याभोवती फिरणाऱ्या या स्तंभात आज एका व्हिडिओ गेमविषयी लिहीत आहे. निमित्त आहे एका वाचक भगिनीच्या पत्राचे. त्यांचे सासरे पंचाहत्तरीचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी निवर्तल्या. दिवाळीच्या सुट्टीत नातवाने त्यांना एक गुप्तहेरी खेळ शिकवला आणि आता ते रोज रात्री जेवणानंतर दीड-दोन तास त्यात रमतात. डोळ्यांना आणि मेंदूला अपाय तर होणार नाही ना, हा पत्रातील पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न पत्राच्या अगदी शेवटी, काहीशा संकोचाने विचारलेला आहे. घरी कामाला येणाऱ्या मदतनीस मावशींनी आपले पैसे घेतले, असा संशय सासरे अलीकडे घेऊ लागले आहेत. कुणी समजूत घालू लागले की म्हणतात, "तिचा चेहराच सांगतो. आता मला चेहरे वाचता येतात."

तो खेळ म्हणजे २०११ साली आलेला 'एल. ए. नॉयर'. आमच्या घरी तो होताच, म्हणून काही संध्याकाळी मीही खेळून पाहिला. काळ १९४७ चा, स्थळ अमेरिकेतील लॉस एंजेलिस. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला कोल फेल्प्स हा तरुण पोलीस दलात शिपायापासून सुरुवात करतो आणि एकेक गुन्हा उकलत वर चढतो. आपण त्या फेल्प्सच्या भूमिकेत असतो. घटनास्थळी जायचे, वस्तू उचलून निरखायच्या, वहीत नोंद करायची आणि मग साक्षीदारासमोर बसून त्याची उलटतपासणी घ्यायची.

नॉयर म्हणजे फ्रेंच भाषेत काळा. १९४० च्या दशकातील अमेरिकन गुन्हेपटांना हे नाव फ्रेंच समीक्षकांनी १९४६ साली दिले. खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर पडलेल्या सावल्या, ओले रस्ते, सिगारेटचा धूर आणि पुरते सज्जनही नाहीत व पुरते दुर्जनही नाहीत अशी माणसे. आपल्यापैकी ज्यांनी 'बाजी' (१९५१) किंवा 'सीआयडी' (१९५६) पाहिले असतील, त्यांना हे जग परके वाटणार नाही. देव आनंदची ती तिरकी हॅट याच घराण्यातली. आजोबांना हा खेळ का आवडला असावा, याचे अर्धे उत्तर मला तेथेच मिळाले. त्यात संपूर्ण खेळ कृष्णधवल चित्रात पाहण्याची सोयही आहे.

उरलेले अर्धे उत्तर त्याच्या संथपणात आहे. बहुतेक खेळांत बोटे चपळ लागतात, येथे थांबून पाहणारा माणूस लागतो. मोटार चालवणे जमत नसेल तर ते काम शेजारच्या सहकारी पोलिसावर सोपवता येते, आणि मी तेच केले. मारामारीच्या प्रसंगात वारंवार अपयश आले तर तो प्रसंग वगळून पुढे जाण्याची मुभा मिळते. पुराव्याजवळ पोहोचताच हलका नाद होतो आणि हातातील कंट्रोलर थरथरतो. ज्यांना ऐकू कमी येते त्यांना थरथर कळते, मधुमेहामुळे बोटांची संवेदना मंदावलेल्यांना नाद कळतो. वृद्धांसाठी मुद्दाम केलेल्या कितीतरी वस्तूंत एवढा विचार आढळत नाही.

एक सूचना मात्र आधीच द्यायला हवी. खेळ प्रौढांसाठी आहे. वाहतूक विभागानंतर येणाऱ्या हत्या विभागात विटंबना झालेले स्त्रियांचे मृतदेह निर्वस्त्र स्थितीत दिसतात. घरात लहान मुले असतील तर हा खेळ दिवाणखान्यात नको. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू घडला आहे, त्यांनीही तेथवर जाण्याची घाई करू नये.

आता शरीराविषयी. साठीनंतर बाहुली लहान राहू लागते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर होते. परिणामी साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. नॉयर शैली म्हणजे मुळातच काळोख. "चित्र काळे दिसते" अशी तक्रार वडीलधाऱ्यांनी केली तर पडद्याची उजळता वाढवा, खोलीत एक दिवा चालू ठेवा, आणि तरीही दिसेना तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या. पडद्यामुळे मोतीबिंदू होत नाही. फार तर तो आधीपासून होता हे पडद्यामुळे लक्षात येते. टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात, तो भाग वेगळा.

काहींना असे खेळ पाहताना मळमळते. डोळे मेंदूला सांगतात की आपण धावत आहोत, आणि अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण खुर्चीत बसलो आहोत. या विसंवादातून भोवळ येते. घाटात मोटारीत पुस्तक वाचताना होते तेच, फक्त उलट्या बाजूने. पडद्यापासून दूर बसावे आणि पहिली मळमळ जाणवताच थांबावे. सवय होईल म्हणून रेटून खेळू नये. ज्यांना चक्करेचा जुना विकार आहे किंवा अपस्मारासाठी औषध चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरुवात करू नये.

माझी खरी चिंता खेळ संपल्यावरच्या क्षणाची आहे. दीड तास एका जागी बसलेला, रक्तदाबाची गोळी घेणारा, प्रोस्टेटमुळे लघवीची घाई होणारा माणूस ताडकन उठतो. रक्तदाब क्षणभर घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि स्नानगृहाच्या उंबऱ्याशी तोल जातो. खुब्याची हाडे अशीच मोडतात. दर अर्ध्या तासाने उठून घरात एक फेरी मारावी. उठण्याआधी पावले दहा-पंधरा वेळा खाली-वर करावीत, मग खुर्चीचा हात धरून उभे राहावे. आणि खेळाची वेळ संध्याकाळची ठेवावी. रात्रीच्या जेवणानंतर खुनाचा तपास करून कुणाला शांत झोप लागली आहे?

मेंदूचे म्हणाल, तर आशा आहे, हमी नाही. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ६० ते ८५ वयाच्या मंडळींना खास बनवलेला मोटारीचा खेळ महिनाभर खेळायला दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे अवधान सुधारले आणि ती सुधारणा सहा महिन्यांनंतरही टिकून होती. २०१७ साली माँट्रियलमधील एका लहानशा अभ्यासात ५५ ते ७५ वयाचे लोक सहा महिने 'सुपर मारिओ ६४' खेळले, आणि स्मृतीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागात वाढ आढळली. पण यावरून गुप्तहेरी खेळाने स्मृतिभ्रंश टळतो असे म्हणणे फसवणुकीचे ठरेल. मेंदूचे खेळ विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीला अशाच अतिरंजित जाहिरातींपायी २०१६ साली वीस लाख डॉलर भरावे लागले. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची जी यादी 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये दिली, तीत चौदा गोष्टी आहेत. कमी ऐकू येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, एकाकीपणा, उपचार न केलेले दृष्टिदोष या त्यांपैकी काही. पत्रातील आजोबांना लाभ झालाच असेल तर तो बहुधा शेजारी बसणाऱ्या नातवामुळे. सुट्टी संपल्यावर नातू वसतिगृहात परतला आणि आजोबा एकटेच खेळू लागले, असे पत्रात ओझरते लिहिले आहे. ते मला जास्त महत्त्वाचे वाटले.

आता दुसरा प्रश्न. या खेळाची सगळी कीर्ती चेहऱ्यांवर उभी आहे. बत्तीस कॅमेऱ्यांच्या मधोमध नटाला बसवून त्याच्या चेहऱ्याची प्रत्येक हालचाल टिपली गेली. साक्षीदार उत्तर देतो, आपण त्याची नजर, ओठ, आवंढा पाहतो आणि ठरवतो की हे खरे आहे, शंकास्पद आहे की खोटे आहे. पण हे चेहरे वाचले जावेत यासाठीच घडवलेले आहेत. नटाला ठाऊक असते की आपल्याला खोटे बोलताना दिसायचे आहे. प्रत्यक्ष जीवनातील माणसाला असे कुणी शिकवलेले नसते. केवळ पाहून-ऐकून समोरचा खोटे बोलतो की खरे, हे ओळखण्यात सर्वसाधारण माणूस शंभरात सुमारे चोपन्न वेळा बरोबर ठरतो. नाणे उडवले तरी पन्नास वेळा बरोबर येईल. शिवाय वय वाढते तसे चेहऱ्यावरील राग, भीती आणि दुःख ओळखणे अवघड होत जाते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे घाबरलेली बाई आजोबांना लबाड वाटू शकते.

उलट बाजूही आहे. कंपवाताच्या रुग्णाचा चेहरा मुखवट्यासारखा निश्चल होतो. आतून त्याला आनंद झालेला असतो, पण पत्नीला वाटते, हे हल्ली माझ्याशी तुटकपणे वागतात. थायरॉइड मंदावलेल्या माणसाचा चेहरा सुजकट आणि सुस्त दिसतो. ऐकू कमी येणारा डोळ्यांऐवजी ओठांकडे पाहतो. चेहऱ्यावरून मनात शिरण्याआधी शरीराचे दार ओलांडावे लागते, आणि तेथेच पुष्कळदा उत्तर सापडते.

गंमत अशी की खेळ स्वतः आजोबांपेक्षा सावध आहे. त्याच्या मूळ रचनेत समोरच्याला थेट खोटारडा म्हणायचे असेल तर वहीतील पुरावा पुढे करावाच लागतो. नुसती नजर चुकवली, एवढ्यावर तेथे भागत नाही. आणि ज्यांना पुढील कथानक आधी कळलेले चालत नाही त्यांची क्षमा मागून सांगतो, हत्या विभागात आपण ज्यांच्यावर खुनाचे आरोप ठेवतो, ती माणसे त्या खुनांत निर्दोष होती हे पुढे उघड होते.

म्हणून माझे मत असे, की संशय खेळातून आलेला नाही. खेळाने त्याला फक्त शब्द पुरवले. "माझे पैसे चोरीला गेले" हे वाक्य आम्हा डॉक्टरांच्या कानांना ओळखीचे आहे. वृद्ध व्यक्ती पैसे किंवा दागिना जपून ठेवते, कुठे ठेवला ते विसरते, आणि विसरले हेही विसरते. उरते ती रिकामी जागा. मन ती रिकामी ठेवत नाही, तेथे जवळचे माणूस बसवते. बहुधा सर्वांत जास्त सेवा करणारे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात अनेकदा अशी होते. मात्र प्रत्येक वेळी तेच असेल असे नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, रक्तातील सोडियम उतरणे, लघवीतील जंतुसंसर्ग, झोपेच्या किंवा लघवीवरील काही गोळ्या, वाढते बहिरेपण आणि नैराश्य यांतूनही संशय उपजतो. यांतील बरीच कारणे दूर करता येतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाच्या घरी असेच घडले. तेथे कोणताही खेळ नव्हता. आजींनी बांगडी गेल्याचे सांगितले, मावशींना विचारले तेव्हा त्यांनी मान खाली घातली, आणि तेवढ्यावरून त्यांना त्याच दिवशी काढून टाकण्यात आले. मोठ्या माणसांसमोर नजर वर करायची नाही, असे त्यांच्या घरचे वळण होते. दीड महिन्याने बांगडी तांदळाच्या डब्यात सापडली. मुलाने मावशींना फोन केला, दिलगिरी व्यक्त केली, परत बोलावले. त्या आल्या नाहीत. ब्युरोने त्यांना दुसरे काम देणेही बंद केले होते.

चेहऱ्यावर विसंबण्याचा धोका उलट्या दिशेनेही आहे, तो येथेच सांगतो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातील अधिकारी दिसतो, मागे राजमुद्रा असते, आवाज करडा असतो, आणि तो सांगतो की तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. अशी अटक भारतीय कायद्यात नाहीच. फोन बंद करावा, घरच्यांना सांगावे, पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० वर कळवावे. ज्याला आपण चेहरे ओळखतो असा विश्वास आहे, तो या गणवेशाला अधिक लवकर भुलण्याची शक्यता आहे.

पत्रलेखिका भगिनींना एवढेच सांगेन. सासऱ्यांशी वाद घालू नका आणि मावशींना तूर्त काढू नका. "पैसे हरवले म्हणजे जिवाला घोर लागणारच, चला, आपण दोघे मिळून शोधू," असे म्हणून त्यांच्यासोबत कपाट, उशीचे अभ्रे, जुन्या डायऱ्या, देवघर पाहा. सापडले तर "बघा, मी म्हणत नव्हते?" असे म्हणू नका. मावशींना आजाराची शक्यता विश्वासात घेऊन सांगा, आणि रोख रकमेचा व्यवहार तूर्त त्यांच्या हाती देऊ नका, म्हणजे आळ येण्याचा प्रसंगच कमी होईल. संशय केव्हापासून सुरू झाला, तेच प्रश्न पुन्हा विचारतात का, हिशेबात गोंधळ होतो का, काल खेळलेल्या प्रकरणातील माणसे आज आठवतात का, हे आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा. शेवटची नोंद ही काही चाचणी नव्हे, पण पूर्वी आठवत असे आणि आता आठवत नाही, असा बदल दिसला तर तो डॉक्टरांना उपयोगी पडतो. मग ती वही, चालू औषधांची पूर्ण पिशवी आणि जुने अहवाल घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. वर सांगितलेल्या रक्ताच्या व लघवीच्या तपासण्या आणि कानांची तपासणी आधी करून घ्या. खेळ बंद करू नका. रविवारी संध्याकाळी नातवाला व्हिडिओ कॉल लावून द्या. वही आजोबांच्या हाती राहू दे, आणि पुढच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे ते दोघे मिळून ठरवू देत.