गावाच्या वाट्याचा धूर

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की शासनाची नजर महानगरांपाशी थांबते. केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. त्याच्या यादीत पुढे देशातील १३१ आणि महाराष्ट्रातील १९ शहरे आली; विदर्भातून नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला यांना तीत स्थान मिळाले. भंडाऱ्याचे नाव तीत आले नाही. मग भंडारा-पवनी रस्त्यावरील अड्याळसारख्या गावाचे कोठून येणार? खेड्यातील हवा मुळातच निर्मळ असते, ही शहरी समजूत या यादीमागे उभी आहे. प्रत्यक्षात या धानपट्ट्यात चिखलणी ट्रॅक्टरने होते, धान यंत्राने चुरले जाते, वीज नसली की पाणी इंजिनाने ओढले जाते, वैनगंगेची रेती टिपरमधून नागपूरकडे जाते आणि गोरगरीब माणूस एस. टी.ने तालुक्याला व जिल्ह्याला पोहोचतो. या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी डिझेल इंजिन आहे.

या इंजिनाचा धूर ही केवळ डोळ्यांना होणारी बाधा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या वर्गात घातला. मळणी यंत्राजवळ दिवसभर पेंढ्या देणारी मजूर स्त्री, टिपरचा क्लीनर, आगारात गाडीखाली काम करणारा कारागीर यांच्या नाकाशी हा धूर रोज असतो. तेव्हा हा प्रश्न पर्यावरणाचा आहे तितकाच श्रमिकांच्या आरोग्याचा आहे.

हा धूर रोखण्याचे ज्ञान माणसाजवळ नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. डिझेल इंजिनात हवा प्रचंड दाबून तापवतात आणि तिच्यात इंधनाचा फवारा सोडतात. ठिणगीवाचून ज्वलन घडते. फवारा नीट मिसळला नाही की काजळी निर्माण होते. तापमान फार चढले की हवेतील नायट्रोजन व प्राणवायू यांचा संयोग होऊन नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड तयार होतात. ज्वलनात फेरफार करून एक दोष घटवावा तर बहुधा दुसरा वाढतो. ही कोंडी तंत्रज्ञांनी टप्प्याटप्प्याने फोडली. कॉमन रेल पद्धतीत अतिशय उच्च दाबाने बारीक फवारा उडवून ज्वलन सुधारले. बाहेर पडणाऱ्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवून तापमान उतरवले. त्यापुढील काम धुराच्या नळीत होते. प्लॅटिनमसारख्या धातूंचे उत्प्रेरक अर्धवट जळालेले वायू पूर्ण जाळतात, चिनी मातीच्या जातीची सच्छिद्र गाळणी काजळी अडवते आणि युरियाच्या ३२.५ टक्के द्रावणाचा फवारा नायट्रोजन ऑक्साइडचे निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्यात रूपांतर घडवतो. शेतकरी ज्या युरियासाठी कृषी केंद्रापुढे रांग लावतो, त्याचाच हा शुद्ध प्रकार आज नव्या मालमोटारीच्या निराळ्या टाकीत भरला जातो.

या उपायांनी काय साधते, हे नियमांतील आकड्यांवरून दिसते. अवजड वाहनांच्या इंजिनांसाठी भारत स्टेज तीनच्या स्थिर चाचणीत दर किलोवॅट-तासाला ०.१० ग्रॅम काजळी आणि ५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत असे. भारत स्टेज सहाच्या स्थिर चाचणीत या मर्यादा ०.०१ आणि ०.४ ग्रॅमवर आल्या. चाचणीची पद्धत मधल्या काळात बदलली हे लक्षात घेतले, तरी झालेली घट मोठी आहे.

परंतु विज्ञानाने दिलेले हे फळ समाजात कसे वाटले गेले? उत्प्रेरकांना गंधक मारक असते. म्हणून आधी डिझेलमधील गंधक काढणे भाग होते. दहा लाख भागांत ५० भागांपर्यंत गंधक असलेले स्टेज चारचे डिझेल एप्रिल २०१० मध्ये देशातील निवडक १३ शहरांना मिळाले. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि सोलापूर यांची त्यात वर्णी लागली. साऱ्या देशाला ते मिळण्यास १ एप्रिल २०१७ उजाडावा लागला. त्यापुढचे, केवळ १० भाग गंधकाचे डिझेल दिल्लीला एप्रिल २०१८ मध्ये आणि उर्वरित देशाला एप्रिल २०२० मध्ये मिळाले. भौगोलिक विषमतेचे याहून स्पष्ट वेळापत्रक क्वचितच आढळेल. शुद्धीकरण कारखान्यांच्या सुधारणेला भांडवल व वेळ लागतो, हे मान्य. तथापि आधी शहर आणि मग खेडे हा क्रम कोणत्याही रसायनशास्त्राने घालून दिलेला नव्हता. तो राज्यकर्त्यांनी ठरवला.

या क्रमाचा परिणाम आजही ओसरलेला नाही. मोठ्या शहरांत जेव्हा स्टेज चारचीच अवजड वाहने विकली जात होती, तेव्हा इतर जिल्ह्यांत स्टेज तीनची वाहने नोंदवली जात होती. स्टेज तीनच्या उरलेल्या गाड्या खपवण्यास मुदत मिळावी म्हणून उत्पादक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी ती मागणी फेटाळली. पण तोवर विकल्या गेलेल्या गाड्या रस्त्यावरच राहिल्या. मालमोटारीचे आयुष्य दीर्घ असते आणि तिचा उतरता प्रवास महामार्गावरून रेतीघाटाकडे, गिट्टीच्या खाणीकडे व गावच्या रस्त्याकडे होतो. शहराने टाकलेले यंत्र गावात ‘नवे’ म्हणून येते आणि आपला धूर बरोबर घेऊन येते.

ट्रॅक्टरची कथा याहून उद्बोधक आहे. १ जानेवारी २०२३ पासून ट्रॅक्टरांना धुराचा कडक टप्पा लागू झाला, तो फक्त ५० अश्वशक्तीच्या वरच्या यंत्रांना. देशातील बहुसंख्य ट्रॅक्टर त्या मर्यादेच्या आतले. धानाच्या लहान बांध्यांतून फिरणारे तर विशेषच. ते त्या टप्प्यातून वगळले गेले. गरीब शेतकऱ्याला वाढीव किंमत परवडणार नाही, असे कारण त्यासाठी दिले गेले. हे कारण खोटे नाही. म्हणूनच ते सोयीचे आहे. दोन-तीन एकर धान करणाऱ्या कुटुंबावर आणखी कर्ज लादावे, असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु शेतकऱ्याला परवडत नाही म्हणून त्याने धूर गिळावा, हा निष्कर्ष त्यातून कसा निघतो? परवडत नसेल तर वाढीव खर्चाचा भार शासनाने आणि उत्पादकाने उचलावा, हा सरळ निष्कर्ष आहे. ट्रॅक्टरच्या खरेदीला अनुदान देणाऱ्या शासनाला स्वच्छ इंजिनाची अट आणि त्याची भरपाई एकाच वेळी घालता येते.

तंत्रज्ञान आले म्हणजे धूर गेला, अशी भोळी समजूतही बाळगता येणार नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीची लबाडी उघड केली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली गाडीतच बसवलेली होती. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा हा मामला होता. पुण्याच्या ए. आर. ए. आय. या संस्थेच्या तपासणीनंतर भारतातही तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे रस्त्यावरील प्रत्यक्ष धावेची कसोटी सक्तीची झाली ती एप्रिल २०२३ पासून. नफ्यासाठी चालणाऱ्या कारखान्याच्या प्रमाणपत्रावर जनतेने डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हा या प्रकरणाचा धडा आहे.

इंधनाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न तर महाराष्ट्राने रक्ताने अनुभवला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळीचा अड्डा पकडू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. रॉकेलच्या भेसळीत त्या काळी चोरी गरिबाच्या शिध्याची होती. आज भेसळ होईल तर तिच्याबरोबर महागडी गाळणी व उत्प्रेरकही निकामी होतील. युरियाच्या बाबतीतही तोच धोका आहे. शेतीसाठी दिलेले अनुदानित खत या द्रावणाकडे वळले, तर शेतकऱ्याचे नुकसान आणि निंबोळी तेलाचे लेपन असलेल्या त्या खताने यंत्राचेही नुकसान.

तपासणीची स्थिती अशीच आहे. ‘पी. यू. सी.’ या नावाने मिळणाऱ्या प्रमाणपत्रासाठी डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजला जातो. नायट्रोजन ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही आणि या यंत्रालाही दिसत नाही. गाळणी काढून टाकलेली किंवा द्रावणाशिवाय चालवलेली गाडी अशा तपासणीतून सहज निसटू शकते.

गाळणी काढण्याचा मोह चालकाला का होतो, हेही पाहिले पाहिजे. साठलेली काजळी जळून जाण्यास गाळणीत सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता लागते. उत्प्रेरकाच्या साह्याने ती काहीशा कमी उष्णतेतही जळते. महामार्गावर गाडी लांब पल्ला धावली की हे आपोआप घडते. गावोगाव थांबणाऱ्या, खड्ड्यांतून रांगणाऱ्या गाडीत इंजिन पुरेसे तापत नाही, गाळणी तुंबते आणि गाडी उभी राहते. पूर्वी नोझल व पंप खोलून इंजिन सुरू करणारा गावचा मिस्त्री येथे हतबल होतो. कारण दोष सांगणारे संगणकीय उपकरण त्याच्याजवळ नसते आणि ते कंपनीच्या सेवाकेंद्रातच असते. यंत्र स्वच्छ झाले, पण त्याची किल्ली कारागिराच्या हातून निघून कंपनीच्या हाती गेली. आय. टी. आय.मध्ये ‘डिझेल मेकॅनिक’ हा अभ्यासक्रम आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला गाळणी, उत्प्रेरक आणि द्रावणाची यंत्रणा हाताळण्याचे प्रत्यक्ष शिक्षण व साधने मिळाली नाहीत, तर कायद्याचा हेतू पहिल्याच दुरुस्तीत पराभूत होईल.

या सर्वांत शासनाच्या हाती थेट असलेले साधन म्हणजे एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर तिची पहिली गाडी धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी ‘शिवाई’ ही विजेवरची गाडी सुरू झाली. पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यांना हा मान मिळाला याचा आनंदच आहे. परंतु एका भरलेल्या बसमुळे किती मोटारसायकली व खासगी गाड्या रस्त्यावर येत नाहीत, याचा हिशेब केला तर चालती, वेळेवर येणारी बस हेच प्रदूषण घटवण्याचे पहिले तंत्र ठरते. नव्या गाड्यांच्या वाटपात पवनीसारख्या आगारांचा क्रम शेवटी का लागावा, हा प्रश्न विधिमंडळात आणि रस्त्यावर विचारला गेला पाहिजे. शेतीपंपाचेही तसेच. धानाला पाणी हवे तेव्हा वीज असेल, कालव्याचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचेल आणि सौरपंप मागणाऱ्याला तो वेळेवर मिळेल, तर डिझेल इंजिन शेतावर नेण्याची हौस कोणालाच नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम यातूनच ठरते. धुराविरुद्धची मोहीम टिपरच्या चालकाविरुद्धची किंवा ट्रॅक्टरच्या मालकाविरुद्धची मोहीम होता कामा नये. तसे झाले तर दंडाची पावती गरिबाच्या हाती पडेल आणि मूळ दोषी मोकळा राहील. मागण्या निश्चित हव्यात. हवेची मोजणी शहरांपुरती न ठेवता अड्याळसारख्या मोठ्या गावांत, विशेषतः मळणीच्या व रेतीवाहतुकीच्या हंगामात व्हावी. लहान ट्रॅक्टरच्या स्वच्छ इंजिनाचा वाढीव खर्च अनुदानातून भरून निघावा. जुन्या टिपरांची बदली करताना एकाच गाडीवर पोट असलेल्या चालक-मालकाला स्वस्त कर्ज मिळावे. दुरुस्तीचे ज्ञान व उपकरणे स्थानिक कारागिरांना खुली व्हावीत. यांतील प्रत्येक मागणी ग्रामसभेच्या ठरावातून सुरू होऊन तहसील कचेरीपर्यंत नेता येण्याजोगी आहे.

काही सहकाऱ्यांना वाटेल की कर्ज, धानाचा भाव आणि रोजगार यांपुढे धुराचा प्रश्न दुय्यम आहे. पण छातीचा विकार जडलेल्या मजुराची मजुरी बुडते, औषधासाठी कर्ज होते आणि ते फेडताना धान पडेल त्या भावाने विकले जाते. हे प्रश्न एकाच घरात, एकाच माणसाच्या वाट्याला येतात. शहराला मिळालेली हवा गावाला मिळण्यास सात वर्षे लागली, हा इतिहास आहे. पुढील टप्प्यालाही तितकाच विलंब होऊ द्यायचा की नाही, हे संघटित जनतेने ठरवायचे आहे.