नव्या डाळीचे दिवस

बुधवारी सकाळी गोदाघाटावरच्या आठवडे बाजारात पाऊल टाकलं आणि ओल्या कांद्याचा वास आला. एका मावशींनी गोणपाटावर नवा उन्हाळ कांदा मांडला होता, पात तशीच ठेवून. मी हातात घेऊन दाबून पाहिला, तर म्हणाल्या, "कालच उपटलाय ताई. हा साठवायचा न्हाई, खायचा." मी दोन किलो घेतला.

नाशिक जिल्ह्यात कांद्याचा भाव शाळकरी पोरंही सांगतात. चवीबद्दल मात्र फार कुणी बोलत नाही. डिसेंबर-जानेवारीत लावलेला हा कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. शेतकरी तो त्याच्याच पातीखाली झाकून तीन-चार दिवस वावरात सुकवतो, मग पात कापून चाळीत भरतो. तिथून तो पार दिवाळीपर्यंत आपल्याला पुरतो. पण वावर आणि चाळ यांच्या मधल्या या थोड्या दिवसांत त्याच्या अंगावर धड पापुद्राही धरलेला नसतो. कापला की सुरीखाली पाणी सुटतं, आणि पिठल्यात घातला तर पाक केल्यासारखा विरघळतो. पातीसकट परतून वर बेसन पेरलं, की त्या दिवशी दुसरी भाजी लागत नाही.

फाल्गुन सरला की घरोघरी एकच तक्रार सुरू होते, "आता भाजीच मिळत नाही, करायचं काय?" खरंच आहे ते. मेथी फुलावर जाते, मटार संपतो, हिरवे घाटे वाळून सोलाणे मिळेनासे होतात. पण मला वाटतं, आपण टोपलीत शोधतो आणि डब्यात बघायचं विसरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेला हरभरा याच सुमारास खळ्यावरून घरी येतो. मागोमाग गहू. गूळ याच हंगामातला, चिंच नुकती फोडून मीठ लावून ठेवलेली. होळीची पुरणपोळी आणि कटाची आमटी आठवून पाहा. डाळ, गूळ, चिंच, सगळं त्याच हंगामातलं. पाडव्याला कडुनिंबाच्या फुलोऱ्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ कालवतात, तीही नवीच. आपल्या वसंताची ताजी चव अशी धान्याच्या कणग्यांत असते.

आमच्या आईचं माहेर निफाडकडचं. तिच्याकडे गव्हाच्या पोत्यांवर त्र्यंबक, गोदावरी, पंचवटी अशी नावं असायची. ती निफाडच्या गहू संशोधन केंद्रात तयार झालेल्या वाणांची. लहानपणी मला वाटायचं, आपलं अख्खं गावच पोत्यात भरून आलंय. त्याच गव्हाचा चीक कुरडयांसाठी शिजायचा आणि आम्ही पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती बसायचो. गरम चीक, वर कच्चं तेल आणि मीठ. कुरडया पुढे वर्षभर डब्यात असत, चीक तेवढ्या एकाच दुपारचा.

पण नव्या डाळीचं खरं कौतुक आंब्याच्या डाळीत. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवाला डाळ-पन्हं हवंच. नेमकी तेव्हाच कोय न धरलेली, पांढरट कोवळी कैरी बाजारात येते. नवी डाळ आणि पहिली कैरी यांची गाठ वर्षातून एकदाच पडते, आणि ती गाठ कुणातरी बाईने फार पूर्वी ओळखली, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. ही डाळ शिजवायचीच नाही, म्हणून तिचं नवेपण इथे लपत नाही. जुनी डाळ रात्रभर भिजवली तरी दाताखाली कचकचते. नवी चार-पाच तासांत फुलते आणि वाटताना तिला जवळपास पाणी लागतच नाही. एका वर्षी मी घाईत तळाच्या डब्यातली डाळ वापरली. कैरी चांगली होती, फोडणी खमंग होती, पण घास गिळताना घशात कोरडा भुगा. पाहुण्यांनी वाटी संपवली, मला मात्र आजही ती डाळ आठवते.

डाळ भरडच वाटायची, तिचं पीठ होऊ द्यायचं नाही. हिरवी मिरची डाळीबरोबरच वाटून घ्यायची. कैरी किसून घालायची, आणि ती किती हे कैरी चाखून ठरवायचं, मापाने नाही. मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. मोहरी-हिंग-हळदीची फोडणी थोडी गार करून मगच वर ओतायची, नाहीतर कैरीचा कच्चा वास मरतो.

उरलेल्या अर्ध्या कैरीची गत आमच्या घरी ठरलेली. कैरी आणि ओला कांदा किसून त्यात गूळ, तिखट, मीठ, जिरं घालायचं आणि हाताने कालवून तासभर झाकून ठेवायचं. गूळ विरघळून रस सुटला की बाजरीच्या भाकरीबरोबर वाढायचं. उन्हातून आलेल्या माणसाला आई आधी हेच देई, पाणी नंतर. या चटणीला चाळीतला कांदा चालत नाही. त्याचा उग्रपणा गुळावर मात करतो.

आणलेल्या दोन किलोंपैकी आता सातच कांदे उरलेत. चार चटणीला ठेवलेत, तीन आज रात्रीच्या पिठल्याला. पुढच्या बुधवारी मावशींच्या गोणपाटावर असेल तो सुकलेला, पात छाटलेला, चाळीत जाऊ शकणारा कांदा.